ऐंशी पार्ट्या, एकच पोर्टल: पासवर्ड मॅनेजर भलत्याच पार्टीचा पासवर्ड का भरतो

प्रश्न अमळनेरच्या एका कर सल्लागारांच्या ऑफिसातला आहे. 3 कॉम्प्युटर, 80 च्या आसपास पार्ट्या: जिनिंगवाले, डाळ मिलवाले, सराफ, ठिबकचे डीलर. सगळ्यांचे युजरनेम-पासवर्ड आजवर एका एक्सेल शीटमध्ये होते, ते आता बिटवॉर्डन या पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे पासवर्ड जपणाऱ्या आणि साइटवर भरणाऱ्या प्रोग्राममध्ये, आणले. पण जीएसटी पोर्टलवर कधी भलत्याच पार्टीचा पासवर्ड भरला जातो, आयकराच्या साइटवर पासवर्डचा रकाना रिकामाच राहतो, आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये तर काहीच भरत नाही. मॅनेजर बदलावा का, असं विचारलं आहे.

बदलू नका. या तक्रारींचं मुख्य मूळ एकाच गोष्टीत आहे. तुम्ही पासवर्ड शोधता पार्टीच्या नावाने, आणि मॅनेजर शोधतो ब्राउझरच्या पट्टीतल्या पत्त्याने. त्याला ‘चोपड्याची जिनिंग’ कळत नाही, ‘जीएसटी.गव्ह.इन’ कळतं. (पत्ते इथे देवनागरीत लिहितो, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरांत.) हा फरक डोक्यात ठेवून नोंदी लावल्या की बहुतेक त्रास संपतो.

आधी जीएसटी. बिटवॉर्डनमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एल दाबलं की तो समोरच्या पत्त्याशी जुळणारी, सगळ्यात शेवटी वापरलेली नोंद भरतो. घरच्या माणसाला हे सोयीचं, कारण त्याचं त्या साइटवर एकच खातं असतं. तुमच्याकडे त्याच पत्त्यावर 80 खाती आहेत. सकाळी रावेरच्या व्यापाऱ्याचं रिटर्न पाहिलं आणि दुपारी धरणगावच्या पार्टीसाठी तीच कळ दाबली, तर पुन्हा रावेरचाच पासवर्ड येणार. पुन्हा दाबली तर यादीतली पुढची नोंद येते, तीही तुम्हाला हवी तीच असेल असं नाही. म्हणजे कळ बिघडलेली नाही, तुमच्या कामासाठी ती चुकीची आहे. जीएसटी, आयकर आणि ई-वे बिलावर (मालवाहतुकीसाठी लागणाऱ्या ऑनलाइन बिलाच्या साइटवर) ऑफिसातल्या कुणीही ती कळ वापरायची नाही, असा नियमच करून टाका.

त्याऐवजी असं करा. लॉगिनचं पान उघडा, ब्राउझरच्या उजव्या कोपऱ्यातल्या बिटवॉर्डनच्या चिन्हावर क्लिक करा, वरच्या शोधाच्या रकान्यात पार्टीच्या नावाची 3-4 अक्षरं टाका आणि त्या नोंदीसमोरचं ‘फिल’ बटण दाबा. यासाठी नोंदीचं नाव पार्टीपासून सुरू व्हायला हवं. ‘जीएसटी - अमुक ट्रेडर्स’ असं नाव ठेवलं तर यादीत 80 ओळी ‘जीएसटी’नेच सुरू होतात आणि अरुंद खिडकीत पुढचं नाव कापलं जातं. ‘अमुक ट्रेडर्स, चोपडा - जीएसटी’ असं ठेवा. गावाचं नाव घालाच. आपल्याकडे एकाच आडनावाची आणि एकाच देवाच्या नावाची दुकानं जळगाव, भुसावळ, शहादा सगळीकडे सापडतात.

युजरनेमच्या जोडीला जीएसटीआयएन, म्हणजे पार्टीचा जीएसटी क्रमांक, नोंदीच्या टिपेत लिहून ठेवा. लॉगिन झाल्यावर पडद्यावरचा क्रमांक त्याच्याशी ताडून पाहायचा. इथे एक सवय लावावी लागते. 15 अक्षरांच्या क्रमांकातले पहिले 2 अंक राज्याचे, महाराष्ट्राचे 27, त्यामुळे तुमच्या जवळपास सगळ्या पार्ट्यांचे आकडे सारखेच सुरू होतात. पुढची 10 अक्षरं म्हणजे पॅन. नजर तिथे ठेवा, सुरुवातीवर नको. 20 तारखेला संध्याकाळी 3बी हे जीएसटीचं रिटर्न भरण्याची घाई असते तेव्हा ही 5 सेकंदांची तपासणी मोठा घोळ वाचवते.

अर्धी नोंद एका पार्टीची आणि अर्धी दुसऱ्याची, म्हणजे युजरनेम एकाचं आणि पासवर्ड दुसऱ्याचा, असं होत असेल तर बिटवॉर्डनला दोष देण्याआधी क्रोम तपासा. क्रोमचा स्वतःचा पासवर्ड मॅनेजर चालू असतो, त्यात पूर्वी कधीतरी ‘सेव्ह’ दाबलेल्या नोंदी पडून असतात. पान उघडताच क्रोम त्याच्याकडची जोडी भरतो, मग बिटवॉर्डन त्याची भरायला जातो, आणि जो रकाना नंतर उघडतो त्यात कुणाचं काय उरेल याचा नेम नसतो. एका कॉम्प्युटरवर भरणारा एकच असावा. क्रोमच्या 3 ठिपक्यांच्या मेनूत गूगल पासवर्ड मॅनेजरची सेटिंग उघडा, पासवर्ड सेव्ह करण्याची विचारणा आणि आपोआप साइन-इन या दोन्ही कळा बंद करा. एवढ्याने जुन्या नोंदी जात नाहीत, त्या वेगळ्या पुसाव्या लागतात. पुसण्याआधी त्या बिटवॉर्डनमध्ये आहेत ना, हे पाहून घ्या. एज वापरत असाल तर तिथेही हेच.

आता पत्त्यांची जुळणी. बिटवॉर्डनचा मूळ नियम ‘बेस डोमेन’चा असतो. ‘गव्ह.इन’ हा सरकारी प्रत्यय आहे हे त्याला माहीत असतं, म्हणून त्याच्या आधीचा एक शब्द धरून तो घर ओळखतो. ‘जीएसटी.गव्ह.इन’ हे एक घर, ‘ईवेबिलजीएसटी.गव्ह.इन’ हे दुसरं. पण ई-इन्व्हॉइसचं (व्यापाऱ्यांच्या बिलांची ऑनलाइन नोंद करणारं) पोर्टल ‘ईइन्व्हॉइस1.जीएसटी.गव्ह.इन’ आहे, म्हणजे त्याच्या दृष्टीने ते जीएसटीच्याच घरातलं. त्यामुळे ई-इन्व्हॉइसच्या पानावर जीएसटीच्या नोंदी येतात आणि उलटही. तिथला पासवर्ड इथे टाकला की ‘इनव्हॅलिड’ येतं, माणूस पुन्हा तेच करतो, आणि काही चुकांनंतर खातं लॉक होतं.

यावर उपाय म्हणजे त्या नोंदींमध्ये जुळणीचा प्रकार ‘होस्ट’ करायचा, म्हणजे ‘गव्ह.इन’आधीचे सगळे शब्द जुळावे लागतात. नोंद संपादित करायला उघडा, पत्त्याच्या रकान्याशेजारचं चाकाचं चिन्ह दाबा आणि ‘मॅच डिटेक्शन’मध्ये ‘होस्ट’ निवडा. मात्र तेव्हा पत्ता बरोबर द्यावा लागतो. जीएसटीचं पहिलं पान ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ने सुरू होतं, पण लॉगिनचं बटण दाबल्यावर तुम्ही ‘सर्व्हिसेस.जीएसटी.गव्ह.इन’वर जाता. नोंदीत पहिल्या पानाचा पत्ता आणि जुळणी ‘होस्ट’ असं केलंत, तर लॉगिनच्या पानावर एकही नोंद दिसणार नाही आणि सगळे पासवर्ड उडाले असं वाटेल. उडालेले नसतात, फक्त पत्ता चुकलेला असतो. लॉगिनचं पान उघडून पट्टीतला पत्ता तिथूनच उचला.

ई-वे बिलाच्या पोर्टलवर नोंदणी असेल तर तेच युजरनेम-पासवर्ड ई-इन्व्हॉइसच्या पोर्टलवर चालतात. त्यामुळे त्या दोघांसाठी वेगळ्या नोंदी करू नका. एकाच नोंदीत दोन पत्ते द्या. पासवर्ड बदलला की एका ठिकाणी बदलायचा, दुसरीकडे जुना राहून जाण्याचा प्रश्नच उरत नाही.

राज्य सरकारच्या पोर्टलांचं उलटं आहे. ‘महाराष्ट्र.गव्ह.इन’खाली महाडीबीटीपासून माहिती अधिकाराच्या पोर्टलपर्यंत अनेक खात्यांच्या साइट आहेत. तिथेही ‘होस्ट’ लावा, नाहीतर शेतकऱ्याच्या ठिबक अनुदानाच्या पानावर दुसऱ्याच खात्याचा पासवर्ड सुचवला जाईल.

आयकराच्या साइटवर रकाना रिकामा का राहतो? तिथे लॉगिन दोन पायऱ्यांत आहे. पहिल्या पानावर युजर आयडी, म्हणजे बहुतेकांचा पॅन, टाकून ‘कंटिन्यू’ दाबायचं. दुसऱ्या पानावर सुरक्षित संदेश बरोबर असल्याची खूण करायची आणि मग पासवर्ड. मॅनेजरने पहिल्या पानावर भरलं तेव्हा पासवर्डचा रकाना अस्तित्वातच नव्हता, तो भरणार कुठे? दुसऱ्या पानावर पोचलात की आधी खूण करा, मग पुन्हा चिन्हावर क्लिक करून तीच नोंद भरा. दोनदा भरायचं, एवढंच. त्यातही एक खाच आहे. या साइटवर पान बदललं तरी पत्त्याचा फक्त शेवटचा तुकडा, हॅशच्या खुणेपुढचा, बदलतो. नोंदीत पूर्ण लांब पत्ता ठेवून जुळणी ‘एक्झॅक्ट’ केली असेल, तर दुसऱ्या पानावर ती जुळत नाही. पत्ता ‘ईपोर्टल.इन्कमटॅक्स.गव्ह.इन’ एवढाच ठेवा. 2021 च्या जूनमध्ये आयकराचं पोर्टल नव्या पत्त्यावर गेलं. तुमच्या एक्सेलमध्ये त्याआधीच्या ओळी असतील तर त्यात जुनाच पत्ता असेल, तो बदलल्याशिवाय नोंद दिसणार नाही.

कधी असं होतं की अक्षरं रकान्यात दिसतात, पण साइट म्हणते युजरनेम टाका, किंवा लॉगिनचं बटण फिकटच राहतं. हल्लीची पानं रकान्यात काय आहे ते पाहत बसत नाहीत, कळ दाबल्याची चाहूल घेतात. मॅनेजरने मजकूर ठेवला पण ती चाहूल पानापर्यंत पोचली नाही, की पानाच्या लेखी रकाना रिकामा. रकान्याच्या शेवटी क्लिक करा, एक स्पेस द्या आणि बॅकस्पेसने पुसा. जीएसटीवर युजरनेम टाकल्यावरच कॅप्चाचा रकाना उघडतो. तो उघडला नाही तर हाच उपाय. कॅप्चा मात्र हातानेच.

ट्रेसेससारख्या टीडीएसच्या साइटवर युजर आयडी आणि पासवर्डबरोबर टॅनही (टीडीएस कापणाऱ्याचा क्रमांक) लागतो. त्यासाठी ‘कस्टम फील्ड’, म्हणजे नोंदीत आपण जोडायचा जादा रकाना, आहे आणि फार कमी लोक ते वापरतात. ट्रेसेसचं लॉगिन पान उघडा, टॅनच्या रकान्यावर राइट क्लिक करा, बिटवॉर्डनच्या मेनूतून ‘कॉपी कस्टम फील्ड नेम’ निवडा. मग नोंदीत नवीन टेक्स्ट फील्ड जोडा, नावाच्या जागी ते चिकटवा आणि ‘व्हॅल्यू’च्या जागी पार्टीचा टॅन. पुढच्या वेळी तिन्ही रकाने एकदम भरतील. नाव स्वतःच्या मनाने ‘टॅन’ असं लिहिलं तर चालेलच असं नाही, कारण तो पानाच्या कोडमधलं नाव शोधतो.

ओटीपीबद्दल गैरसमज नको. ई-वे बिल आणि ई-इन्व्हॉइसला दुसऱ्या पायरीची पडताळणी टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली: 20 कोटींवरच्या उलाढालीला 1 जानेवारी 2025 पासून, 5 कोटींवर 1 फेब्रुवारीपासून आणि बाकी सगळ्यांना 1 एप्रिलपासून. पार्टीच्या मोबाइलवर एसएमएसने येणारा आकडा तुमच्या कॉम्प्युटरवरचा मॅनेजर भरू शकत नाही. दर गाडीला पार्टीला फोन लावण्यापेक्षा ई-वे बिलाच्या पोर्टलवर पार्टीच्या खात्यातून तुमच्यासाठी सब-युजर काढून घ्या. त्याचा मोबाइल क्रमांक आणि पासवर्ड तुमचा असतो. खरं तर जिथे सब-युजरची सोय आहे तिथे पार्टीचा मुख्य पासवर्ड स्वतःकडे ठेवूच नये.

टॅलीचं कारण सरळ आहे. बिटवॉर्डनचं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला त्याचा भाग, ब्राउझरच्या बाहेर पोचत नाही. टॅली, डिजिटल सहीच्या टोकनचा (सही साठवलेल्या, पेनड्राइव्हसारख्या उपकरणाचा) पिन विचारणारी खिडकी, सर्व्हरचं रिमोट लॉगिन, या सगळ्यांसाठी कीपासएक्ससी हा दुसरा पासवर्ड मॅनेजर जोडीला ठेवा. तो मोफत आहे, इंटरनेट लागत नाही आणि त्याची ‘ऑटो-टाइप’ सोय कीबोर्डवर बोटं चालवल्यासारखी कोणत्याही खिडकीत टाइप करते. मूळ क्रम असतो: युजरनेम, टॅब, पासवर्ड, एंटर. टॅलीत मात्र पुढच्या रकान्यात जायला एंटर लागतो. म्हणून त्या नोंदीच्या ‘ऑटो-टाइप’ भागात स्वतःचा क्रम द्या: युजरनेम, एंटर, पासवर्ड, एंटर, प्रत्येक शब्द महिरपी कंसात. जुन्या कॉम्प्युटरवर पहिली 2-3 अक्षरं गळत असतील तर सुरुवातीला ‘डिले 500’ घाला, म्हणजे अर्धा सेकंद थांबून टाइप सुरू होईल. ‘डिले’ आणि आकड्यामध्ये मोकळी जागा ठेवा. तिथे बरोबरचं चिन्ह टाकलं तर अर्थ बदलतो आणि प्रत्येक अक्षरामागे अर्धा सेकंद जातो.

टॅली ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडलेली असेल आणि कीपासएक्ससी साधा, तर विंडोज साध्या प्रोग्रामला वरच्या हक्काच्या खिडकीत टाइप करू देत नाही. ना चूक दाखवतो, ना अक्षर उमटतं. दोन्ही एकाच हक्काने चालवा, शक्यतो साध्याच.

टोकनच्या पिनसाठी क्रमाच्या शेवटचा एंटर काढून टाका. पिन काही वेळा चुकला की टोकन लॉक होतं, आणि मग ते उघडून घ्यायला किंवा नवी सही काढायला दिवस जातात. पिन टाइप झाल्यावर लावलेलं टोकन कोणत्या पार्टीचं आहे ते पाहून एंटर स्वतः दाबा. टोकनवर पार्टीचं नाव चिकटवलेलं असू द्या, पिन नको. कितीतरी ऑफिसांत तो टेपवर लिहिलेला दिसतो.

आणखी एक साधी अडचण, जी मराठी टायपिंग चालणाऱ्या प्रत्येक ऑफिसात येते. अर्ज मराठीत टाइप करून झाला, कीबोर्ड मराठीवरच राहिला, आणि मास्टर पासवर्ड, म्हणजे मॅनेजर उघडण्याचा मुख्य पासवर्ड, टाकला. रकान्यात फक्त ठिपके दिसतात, त्यामुळे आत देवनागरी जातेय हे कळत नाही. ‘चुकीचा पासवर्ड’ आलं की आधी टास्कबारवरची भाषा पाहा, विंडोज आणि स्पेस दाबून इंग्रजीवर या, कॅप्स लॉक पाहा, आणि मगच पासवर्ड विसरलो असं म्हणा. बिटवॉर्डनचा मास्टर पासवर्ड कंपनीला माहीत नसतो, त्यामुळे तो मेलवर परत मिळत नाही.

पान उघडताच आपोआप भरण्याची सोय बिटवॉर्डनमध्ये मुळात बंद असते. ती चालू करू नका. 2017 च्या अखेरीस प्रिन्स्टनच्या संशोधकांनी दाखवून दिलं होतं की काही जाहिरात-कंपन्यांचे स्क्रिप्ट पानावर न दिसणारे लॉगिनचे रकाने मांडतात, ब्राउझरचा मॅनेजर ते भरतो आणि त्यातून लोकांचे ईमेल पत्ते टिपले जातात. 2025 च्या ऑगस्टमध्ये डेफकॉन या सायबर सुरक्षेच्या परिषदेत पुढचा प्रकार मांडला गेला: एक्स्टेन्शन पानावर जी यादी उघडतं ती अदृश्य करायची, आणि माणसाला भलत्याच बटणाच्या निमित्ताने तिच्यावर क्लिक करायला लावायचं. म्हणून रकान्याच्या आतच यादी उघडणारी सोयही बंद ठेवा आणि कोपऱ्यातल्या चिन्हातूनच भरा. 80 नावांची यादी रकान्याखाली लोंबकळण्यात तसाही अर्थ नाही.

याच्याच दुसऱ्या बाजूला मॅनेजरचा सगळ्यात मोठा फायदा आहे. रिफंडचा मेसेज आला, लिंक उघडली, पान हुबेहूब जीएसटीसारखं, पण मॅनेजर एकही नोंद सुचवत नाही. अशा वेळी माणूस वैतागून पासवर्ड कॉपी करून चिकटवतो, आणि फसतो तो तिथेच. पट्टीतला पत्ता अक्षर-अक्षर वाचा. ‘जीएसटी’ आणि ‘गव्ह’ यांच्यामध्ये टिंबाऐवजी आडवी रेघ असेल तर ते वेगळंच घर आहे. डोळा फसतो, मॅनेजर फसत नाही, कारण तो चित्र बघतच नाही. नेहमीच्या साइटवर तो गप्प बसला तर आधी पत्ता वाचायचा, मग बाकीचे उपाय.

एक्सेलमधून आणलेल्या नोंदींमध्ये काही पासवर्ड मुळातच बिघडलेले असतील. एक्सेल सुरुवातीचं शून्य खातो, 12 आकड्यांचा नंबर ‘ई+11’ असा दाखवतो, बरोबरच्या किंवा अधिकच्या चिन्हाने सुरू होणारा पासवर्ड सूत्र समजतो, आणि सुरुवातीला दोन मोठी अक्षरं असतील तर दुसरं आपोआप लहान करतो. जो पासवर्ड सतत चुकतो तो आधी जुन्या वहीशी ताडून बघा. पार्ट्यांची नावं मराठीत असतील आणि आयात केल्यावर प्रश्नचिन्हं दिसत असतील, तर फाइल ‘सीएसव्ही यूटीएफ-8’ प्रकारात सेव्ह करून पुन्हा आणा. सगळं जुळलं की ती सीएसव्ही आणि मूळ शीट दोन्ही शिफ्ट-डिलीटने काढा. पेनड्राइव्हवरची, मेलमधली आणि व्हॉट्सॲपवर एकमेकांना पाठवलेली प्रतही. ही फाइल उघड्या अक्षरांत आहे, ती राहिली तर वरचं सगळं फुकट.

पासवर्ड बदलताना बिटवॉर्डन ‘अपडेट करू का’ विचारतो तेव्हा खाली कोणत्या पार्टीचं नाव आहे ते वाचूनच होय म्हणा. चुकलंच तर नोंदीत मागचे 5 पासवर्ड जपलेले असतात, ‘पासवर्ड हिस्टरी’ उघडून जुना परत घेता येतो. नेट गेलं तरी आधी उघडलेली तिजोरी (बिटवॉर्डनमधला नोंदींचा साठा) वाचता येते, फक्त बदल करता येत नाहीत. तिजोरी 15 मिनिटांनी आपोआप बंद होईल असं ठेवा, आणि चहाला उठताना विंडोज-एल दाबायची सवय तिन्ही कॉम्प्युटरवर लावा.

बॅकअप महिन्यातून एकदा. बिटवॉर्डनमध्ये एक्स्पोर्ट करताना ‘एन्क्रिप्टेड’ प्रकार निवडला की पुढे दोन पर्याय येतात. ‘अकाउंट रिस्ट्रिक्टेड’ फाइल फक्त त्याच खात्यात परत उघडते. खातंच हातचं गेलं तर तिचा उपयोग शून्य. ‘पासवर्ड प्रोटेक्टेड’ निवडा, त्याला वेगळा पासवर्ड द्या, फाइल पेनड्राइव्हवर घ्या. तो पासवर्ड आणि बिटवॉर्डनच्या दोन पायऱ्यांच्या लॉगिनचा रिकव्हरी कोड कागदावर लिहून बंद पाकिटात, पेनड्राइव्हपासून वेगळ्या जागी ठेवा. पहिल्या महिन्यात ती फाइल एका नव्या, रिकाम्या खात्यात आयात करून बघा, नोंदी तितक्याच येतात का ते मोजा, आणि मग ते खातं काढून टाका.